आधी फेडलेला नवस

सांता मारिया बेट, ३ मे

इदालीना,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं वाचता येत असेल तर वाच.

आरोग्यकेंद्रात फोन केला की माझा आवाज ऐकून तू ठेवून देतेस, म्हणून पत्र. कोर्वोसारख्या बोटभर बेटावर पत्र हरवायला जागाच नाही. पोस्टमन फोडून वाचेल एक वेळ, पण पोचवेल.

मी सांता मारियात काय करतोय, हे तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. कॉलेजातून थोडे दिवस सुटी घेतली आहे. आपली बाकीची आठ बेटं म्हणजे नुसता थिजलेला लाव्हा. या एकट्या बेटाच्या पोटात चुनखडी आहे. काल कड्याखाली उभा होतो, आणि माझ्या डोक्याच्या वर हातभर उंचीवर दगडात शिंपले! चांगले मुठीएवढे. समुद्र तिथवर होता आणि खाली गेला, की बेटच अंग झटकून वर आलं? एका मेंढपाळाला विचारलं तर म्हणाला, "कुणीतरी खाऊन टाकले असतील." तासभर आम्ही यावर भांडलो. मी ओरडत होतो, तो नव्हता. जिंकला तोच.

बरं. तुझ्या आईने तुला कळवलंच असेल. ईस्टरनंतरच्या पहिल्या आठवड्यात दर आठवड्याला घर बदलणारा पवित्र आत्म्याचा मुकुट तुमच्या घरी मुक्कामाला होता. शनिवारी जपमाळेच्या प्रार्थनेला मीही गेलो आणि मुकुटासमोर मनातल्या मनात एक नवस बोललो. अगदी मनातल्या मनात नाही. शेजारच्या चार-पाच बायकांना ऐकू गेलं असेल. इदालीनाने लग्नाला हो म्हटलं, तर नऊही बेटांवर मुकुटाच्या जेवणाला अनवाणी पंगत वाढीन, असा.

तू म्हणाली होतीस, "मला तिकडे एकटीला राहू दे, विचार करू दे, सेंट जॉनच्या सणाला उत्तर देते." चोवीस जून. माझ्या लक्षात आहे. पण हातावर हात ठेवून बसणं मला जमत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? मी फेडायला सुरुवात केली. पहिली पंगत आपल्याच गावात, दुसरी आज इथे. दीडशे माणसं. पावाच्या फोडी, वर मांसाचा उकळता रस्सा, आणि खाली माझे पाय.

इथले यंदाचे यजमान तिबेरियू म्हणून आहेत. पाय बघून त्यांनी विचारलं, "नवस फेडतोयस वाटतं. काय मिळालं रे पोरा?"

"अजून नाही मिळालं."

"म्हणजे?"

"मिळेल."

त्यांनी पळी खाली ठेवली आणि बायकोला हाक मारली. "अगं, इकडे ये! हा बघ, लग्न ठरलं नाही आणि बारशाचं जेवण वाढतोय!"

ती काकू म्हणाली, "आत्म्याला घाई करतोस होय? तो काय तुमच्या घरचा गडी आहे?"

सगळं टेबल हसलं. मी पातेलं आपटणार होतो. पण ते रश्शाचं होतं आणि मी अनवाणी होतो.

दिनार्त

*

तेर्सेइरा बेट, ११ मे

इदालीना,

अक्षर हललंय त्याचं कारण, डावा हात गळ्यात बांधला आहे आणि कागद धरायला कुणी नाही. पायरीवरून पडलो.

तिसरी पंगत झाली. इथे गल्लीगल्लीत मुकुटाचं चिमुकलं घर आहे, लग्नाच्या केकसारखं रंगवलेलं, आणि प्रत्येक गल्लीला वाटतं आपलंच खरं. भूकंपाला सात वर्षं झाली, काही माणसांची घरं अजून अर्धी आहेत, पण मुकुटाची घरं तेव्हाच उभी केली म्हणे. आधी त्याचं, मग आपलं. रश्शात पुदिना घालतात. आपल्याकडच्यापेक्षा चांगला लागतो, पण हे तुझ्या आईला सांगू नकोस.

जेवणानंतर दोरावरचा बैल. तू कधी पाहिलायस का? रस्त्यावर एक पांढरी रेघ मारलेली असते. दोर सहा-सात जणांच्या हातात, बैलाला रेघेपुढे येऊ देत नाहीत. रेघेच्या अलीकडे म्हाताऱ्या खुर्च्या टाकून गप्पा मारतात, पलीकडे तरणी पोरं जिवावर उदार. मला ही रेघ भारीच आवडली. माझ्या शेजारी गेर्वाझिया मावशी बसल्या होत्या, मी मुक्कामाला त्यांच्याकडेच आहे. त्यांना विचारलं, "रेघ कुठे मारायची हे कोण ठरवतं?"

"जिथे आम्हाला उठून पळायचा कंटाळा येतो, तिथे," त्या म्हणाल्या.

आता खरं सांगतो, पायरी नव्हती. पंगतीला एक जण होता, दातपडका. तो भिंतीवरून ओरडला, "ए अनवाणी! नवरी नाही म्हणाली तर वाढलेला रस्सा परत मागणार का?" मी त्याच्यावर धावलो. तो रेघेपलीकडे पळाला. मीही पळालो. बैलाची काही चूक नाही. तो आपल्या बाजूलाच होता.

रात्री मावशींनी हात बांधला. बांधताना म्हणाल्या, "हा तिच्यापायी मोडून घेतलास?"

"हो."

"तिला विचारून?"

म्हाताऱ्या माणसांना कधी कधी काय बोलावं ते कळत नाही.

दिनार्त

*

साओ जॉर्ज बेट, २५ मे

इदालीना,

पाच झाल्या, शेवटच्या दोन एकाच हाताने! मधल्या रविवारी ग्रासिओझा. तिथे जमिनीखाली गुहा आहे, गुहेत तळं, तळ्याला गंधकाचा वास. आत किती वेळ थांबलं तर माणूस बेशुद्ध पडतो, असं रखवालदाराला विचारलं. त्याने मला ताबडतोब बाहेर काढलं. मला नुसतं माहीत करून घ्यायचं होतं!

आता ऐक. इथे बोटीतून उतरलो तर धक्क्यावर चीजवाले वालेरियू उभे. "कोर्वोच्या नर्ससाठी पंगती वाढणारा नवसवाला तूच का?" म्हणाले. माझं नाव माझ्याआधी पोचलंय, इदालीना! बोटीवरच्या खलाशांनी, पाद्र्यांनी, कुणी कुणी नेलं कोण जाणे. रस्त्यात बायका थांबवतात. तू दिसायला कशी, केस केवढे, घरचे कोण. मी सांगतो. सगळं सांगतो. तुझ्या हनुवटीवरच्या खुणेबद्दलसुद्धा.

वालेरियूंचं घर खाली आहे, समुद्राच्या काठच्या त्या सपाट पट्टीवर. वरचा कडा कधीतरी सुटून समुद्रात पडला आणि त्याच्या पडलेल्या तुकड्यावर माणसांनी घरं बांधली, भाजी लावली, कॉफी लावली. मी म्हटलं, "भीती नाही वाटत, वरून पुन्हा पडेल म्हणून?" ते म्हणाले, "आमची जमीन आधीच पडलेली आहे. भीती वरच्यांनी बाळगावी." असं उत्तर मला कॉलेजात दोन वर्षांत कुणी दिलं नव्हतं.

कॉलेजचं निघालंच तर सांगून टाकतो. सुटी नाही घेतली. सोडलं. पहिल्या पंगतीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. मी उशिरा पोचलो, पायाला फोड आलेले, प्राध्यापक म्हणाले, "प्रेमात दगड फुटत नाहीत." मी त्यांच्या टेबलावरची नमुन्यांची पेटी उलटी केली. आता त्यांना कुठला दगड कुठल्या बेटाचा हे पुन्हा ओळखत बसावं लागेल.

पण तू हे ऐक. पंगतीनंतर एका आजीने मला विणलेला पलंगपोस दिला. "तुमच्या दोघांच्या खाटेसाठी. डोळे जाण्याआधी विणला होता, मला नात नाही," म्हणाली. वालेरियूंनी चीजचं अख्खं चाक दिलंय, लग्नात कापायला. "पाच बेटांनी तुझ्या हातचं खाल्लं," ते म्हणाले. "आता ती नाही म्हणेलच कशी? म्हणूच शकत नाही!"

हे ऐकून मी त्यांना मिठी मारली. रात्रभर झोप नाही आली. म्हणूच शकत नाही!

दिनार्त

*

पिकू बेट, १ जून

इदालीना,

तुझं पत्र इथल्या मादालेना गावच्या पोस्टात माझी वाट बघत होतं. सहा आठवड्यांत पहिलं. सात ओळी.

"फाउश्ता आजींच्या पायाची जखम रोज धुवावी लागते. परवा त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. आत्म्याला ताटकळत ठेवणाऱ्या मुलीचा हात लागायला नको, म्हणाल्या. जखम चिघळते आहे. दुसरी नर्स इथे नाही. सुई टोचून घेताना, रक्तदाब मोजून घेताना, दुकानात, चर्चमध्ये, साडेतीनशे माणसं मला एकच विचारतात. मी अजून उत्तर दिलेलं नाही आणि आता देऊ शकेन असं वाटत नाही. काय केलंस हे तुला कळतं का?"

नाही कळत! मी काय केलं? पंगती वाढल्या! कुणाला मारलं का? (तेर्सेइरातला तो दातपडका सोडून, आणि त्यालाही मी पकडू शकलो नाही.) कुणी तुझ्यासाठी पायाची सालटी काढून घेतली आणि तू मला एका म्हातारीच्या जखमेचा हिशोब विचारतेस? फाउश्ता आजी मूर्ख आहे तर त्याला मी काय करू? तुला हो म्हणायला एक शब्द पुरतो. म्हण, आणि बघ जखम धुवायला मिळते की नाही!

सहावी पंगत काल झाली. इकडचा डोंगर दिवसभर ढगात होता. मी एकदाही वर बघितलं नाही.

पेटीत टाकतोय, नाहीतर फाडीन.

दि.

*

फायाल बेट, ९ जून

इदालीना,

पिकूहून पाठवलेलं पत्र तुला मिळू नये, अशी मी आठवडाभर इच्छा करतोय. मिळालं असेलच. बोटभर बेट.

पंगत रविवारी झाली, सातवी. वाढली, पण माझ्या हातातून दोनदा रस्सा सांडला. प्रत्येक बशीपाशी मला ते दार दिसत होतं, आणि दाराबाहेर तू, हातात पट्ट्यांची पेटी घेऊन.

काल बेटाच्या पश्चिम टोकाला गेलो. तीस वर्षांपूर्वी समुद्रातून ज्वालामुखी उठला ते टोक. जमीन अजून राखेची, पावलागणिक चुरचुरते. दीपगृहाचा खालचा मजला राखेत गेलाय, वरचा उभा. पूर्वी ते समुद्राच्या काठावर होतं, आता त्याच्यासमोर नवी जमीन आहे आणि दिवा कुणासाठी, हा प्रश्न. मी वाकून राख चिमटीत घेऊन बघत होतो. तिथे एक बाई उभ्या होत्या, काळ्या कपड्यात, पायात अमेरिकेतले पांढरे बूट. ऊर्सुला आजी. त्यांचं घर याच राखेखाली आहे. तेव्हा अमेरिकेला गेल्या. दर वर्षी या दिवसांत येतात.

"तूच ना तो?" त्या म्हणाल्या. "रविवारी माझ्या मांडीवर रस्सा सांडलास."

मी माफी मागितली. मग का कुणास ठाऊक, तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. सातही ओळी.

त्यांनी मला राखेत खाली बसायला लावलं. "राख पडायला लागली तेव्हा माझा नवरा गुरं सोडायला गोठ्यात गेला होता," त्या म्हणाल्या. "मी नवस बोलले, हा जिवंत बाहेर येऊ दे, दर वर्षी जेवण घालीन. तो आला. मग मी फेडायला लागले. आधी तो आला, मग मी. तू उलटं करतोयस. फेडून मागतोयस. त्याला आम्ही नवस म्हणत नाही रे बाळा, तगादा म्हणतो."

"आत्म्याकडे तगादा लावला तर बिघडलं काय?"

"आत्म्याकडे कुठे? तो बसलाय आरामात. त्या पोरीच्या दारात लावलास. आणि नुसता तूच नाही, सात बेटं तिच्या दारात नेऊन बसवलीस. तिने हो म्हटलं तरी तुला कसं कळणार, कुणाला म्हटलं ते?"

इदालीना, मी तुझ्या पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवलं.

मग विचारलं, "परत घेता येतो का?"

"मोडता येतो. जसा बोललास तसाच मोडायचा, चारचौघांत. मग जे काय येईल ते मोडणाऱ्याच्या मानेवर, तिच्या नाही. पण नवस मोडणारा अपशकुनी, तुला कुणी होडीत घेणार नाही हां. आणि गावात परत गेलास की तिची आई दार लावेल."

"किती वर्षं?"

"मी काय अधिकारी आहे? लोक विसरेपर्यंत. इथे लोकांना दुसरं काम नसतं."

अजून एक. तुमच्या घरी चार-पाच बायकांनी ऐकलं असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. तीस माणसं होती. मी बाकावर चढलो होतो. तुझी आई माझी बाही ओढत म्हणत होती, "खाली उतर रे, माझ्या लेकीचं नाव असं नको घेऊस." मी तीनदा घेतलं.

दिनार्त

*

फ्लोरेस बेट, १५ जून

इदालीना,

हे पत्र लुसिंदू आणतील. तुमच्या बेटाची होडी चालवणारे, तेच. आज सकाळी निघतायत, म्हणून पटापट लिहितो.

फाउश्ता आजींना बहुधा त्यांनीच माझी गोष्ट सांगितली होती. म्हणून काल पंगतीला ते येणार आहेत ना, याची मी आधी खात्री करून घेतली. ते कोर्वोच्या आठ-दहा जणांना घेऊन आले होते. बरंच झालं.

काल मी बूट घालून गेलो. यजमानीण बाईंनी पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. मुकुट टेबलाच्या टोकाला होता. या खेपेला बाकावर चढलो नाही. मुकुटासमोर उभा राहिलो आणि म्हटलं:

"कोर्वोच्या इदालीनाचा या नवसाशी काही संबंध नाही. तिने मागितला नव्हता, तिला विचारला नव्हता. मी बोललो, मी मोडतो. इथे वाढणार नाही, कोर्वोलाही वाढणार नाही. यात जे काय वाईट असेल ते माझं."

दोनशे माणसांनी चमचे खाली ठेवले. मग कुणीतरी मागून म्हणालं, "अरे देवा, सातवर येऊन?" एका बाईने पोराला माझ्यापासून लांब ओढलं. यजमानीण बाई आल्या आणि माझ्यापुढचं पातेलं त्यांनी आपल्याकडे घेतलं.

"जाऊ का मी?" विचारलं.

"न जेवता इथून कुणालाच पाठवत नाहीत," त्या म्हणाल्या. "बस आणि जेव. हात मात्र कशाला लावू नकोस."

बसलो. माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. समोरचा म्हातारा जेवताना एकदाच बोलला, "आणि ते साओ जॉर्जचं चीज?" त्या चीजची बातमीसुद्धा इथवर आली होती! मी चाक काढून टेबलावर ठेवलं. थोडा वेळ कुणी शिवेना. मग त्याने सुरी काढली. चीजने कुणाचा नवस मोडलेला नाही, म्हणाला. पलंगपोस आजीला परत पाठवतोय.

चोवीस जूनबद्दल. मला उत्तर हवंय, खोटं कशाला सांगू, श्वास घेताना हवं असतं तितकं हवंय. पण चोवीस तारीख मी तुझ्यावरून काढून घेतली. कधी द्यावंसं वाटलं तर दे. नाही वाटलं तर मला एकदाही विचारू देऊ नकोस.

आत्ता धक्क्यावर लुसिंदूंना म्हटलं, एवढं पत्र न्याल का? त्यांनी दोन बोटांत धरलं.

"पत्र नेतो. तुला नेणार नाही."

"मी कुठे म्हटलं मला न्या?"

"आधीच सांगून ठेवलेलं बरं. तू ओरडतोस असं ऐकलंय."

होडीची दोरी सोडतायत.

दिनार्त

*

फ्लोरेस बेट, १७ जून

इदालीना,

आता लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण एक गोष्ट घडली, आणि ती तुझीच आहे, तर तुझ्याकडेच असू दे. हे शेवटचं.

मी अजून इथेच आहे. होडीवाले घेत नाहीत, ऊर्सुला आजी म्हणाल्या होत्या तसंच. विमान शुक्रवारी. विमानवाल्यांना बहुतेक माझं नाव माहीत नाही. दिवसभर हिंडतो. इथल्या एका कड्यात दगडाचे उभे खांब आहेत, शेकडो, एकाला एक चिकटून, कुणी ओतून काढावेत तसे. थंड होताना लाव्हा तडकतो तो असा सरळ रेषेत का तडकतो, हे आम्हाला अर्धं शिकवलं होतं. उरलेलं अर्धं मला फार हवंसं वाटतंय. त्या पेटीबद्दल प्राध्यापकांना पत्र टाकलंय. दगड मी लावून देतो म्हटलं.

आज दुपारी लुसिंदू परत आले. मी धक्क्यावर होतो, पण त्यांना काही विचारलं नाही. आईशप्पथ. दातांखाली जीभ धरून उभा होतो. त्यांनी माल उतरवला, दोरी बांधली, विडी पेटवली. मग माझ्याकडे न बघता समुद्राला सांगितल्यासारखं म्हणाले, "काल फाउश्ताने दार उघडलं."

मी धक्क्याच्या कडेवर बसलो.

"परवा मी जाऊन सगळ्यांना सांगितलं ना. म्हातारी म्हणाली, ये गं पोरी, कसल्या नवसमोड्याच्या हाती लागणार होतीस तू! आणि पाय पुढे केला. नर्सने तासभर बसून धुतला. दोघी मिळून तुला शिव्या देत होत्या. म्हणजे, म्हातारी देत होती."

"आणि ती?"

एवढं निघालंच तोंडातून.

लुसिंदूंनी विडीचा धूर सोडला. "ती पट्टी बांधत बसली. मग माझ्या मागे दारापर्यंत आली. म्हणाली, लुसिंदूकाका, नवस मोडताना तो ओरडला का हो?"

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं ते. म्हटलं, नाही. इतका हळू बोलला की मागच्या टेबलाला मलाच पुन्हा सांगावं लागलं."

"मग?"

"तिचा विश्वास बसला नाही."

दिनार्त